हेळव्याचा सुटलेला बैल

पोळ्याला सगळं ताडकळस गाव आपापल्या बैलांना पुरणपोळी चारायचं. आमच्या घरची रीत वेगळी. आधी वेशीबाहेर जायचं, वाटेनं येणाऱ्या कुणाच्याही बैलापुढं मूठभर मीठ धरायचं, मग घरचे बैल. का, म्हणून विचारलं की अप्पा म्हणायचे, "आपला मूळ पुरुष बिदरकडल्या कल्याणहून आलेला. त्याची रीत हाय." कल्याणहून आलेल्या माणसाला परक्या बैलांचं एवढं काय, हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

निजामाचा अंमल शेवटाला आला होता, तेव्हाची गोष्ट. थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, जिंतूरच्या कापूस व्यापाऱ्याचं स्थळ आलं. मुलाचा बाप कुळाच्या बाबतीत फार कडक. म्हणाला, "हेळवी येऊ द्या. त्याच्या तोंडून कूळ ऐकू, मग सुपारी फोडू."

हेळवी म्हणजे आम्हा लिंगायतांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारा. बिदरकडून काही वर्षांनी एखादी फेरी करायचा; आमच्या घरानं मात्र माझ्या आठवणीत कूळ कधी म्हणवून घेतलं नव्हतं. कूळ म्हणायचं ते बैलावर बसूनच, आणि बैलावर बसून खोटं बोलायचं नाही, हा त्याचा नेम.

तो आला त्या सकाळी पाहुणे यायच्या आधीच मी त्याला ओढ्याकाठी गाठलं. त्याच्या बैलाला सरकी घातली आणि मिठाचं विचारलं.

"वर चढू द्या की मालक, मग सांगतो," म्हातारा हसत म्हणाला.

वर बसून त्यानं अप्पांपासून मागं एकेक पिढी म्हणायला घेतली. एका जागी सूर खाली आला. "हितनं मागं रक्त न्हाई. माया हाय."

मिठाची ने-आण करणारा लमाणांचा तांडा गावाबाहेर उतरला होता. जाताना तापानं फणफणलेलं एक पोरगं मागं राहिलं. आमच्या घरातल्या मूलबाळ नसलेल्या बाईनं ते उचललं, जगवलं, आमच्या जंगम गुरूकडून त्याच्या गळ्यात लिंग बांधून घेतलं. तोच आमचा मूळ पुरुष. आपली माणसं कधीतरी परत येतील म्हणून जन्मभर वाटेवरच्या बैलांना मीठ चारत राहिला.

"म्हणजे लमाण होता?"

"तेबी म्हाईत न्हाई. दुष्काळात तांड्याच्या मागं कुठली कुठली पोरं लागायची."

खरं सांगतो, मला आनंदच झाला. कुठला असेल? कोणत्या बोलीत आईला हाक मारत असेल? मग एकदम अक्का आठवली.

"दुपारी हेच म्हणणार?"

"बैलावर बसून दुसरं काय म्हणू?"

दुपारी बैल आमच्या परसात बांधला होता. पाहुणे पाय धूत होते तेवढ्यात मी कासरा सोडला आणि बैलाला चुडाव्याच्या वाटेला हाकलून दिलं. गडीमाणसं मागं धावली. म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि शिव्या मात्र बैलालाच दिल्या.

मुलाचा बाप पोट धरून हसला. "अहो, तुमचं कूळच पळालं की!"

जेवणं झाली तरी बैल सापडला नाही. हसण्याच्या भरातच सुपारी फुटली.

पुढं राज्य बदललं, अप्पा गेले. मी कुणाला काही बोललो नाही. मूळ पुरुषाची लाज मला कधीच वाटली नाही. पण माझ्यामुळं त्याला आमच्याच घरात कल्याणचा होऊन राहावं लागलं, हे मला खात राहिलं. परवा जिंतूरला गेलो तेव्हा अक्काला सगळं सांगून टाकलं. तुझं लग्न मोडू नये म्हणून बैल सोडला, म्हणालो.

अक्का पानाला चुना लावत होती. तिचं बोट पानावरच राहिलं.

"तुला बैल सोडताना बघितलं होतं मी, परसाच्या दारातनं," ती म्हणाली. "मला वाटलं, कूळ म्हणणं झालं न्हाई तर सुपारी फुटणार न्हाई, म्हणून सोडलास. मला हितं यायचं नव्हतं रे. घरात तेवढं तुला एकट्याला कळलं, असं वाटलं मला. एवढी वर्षं मनात तुला दुवा द्यायले मी."