आबांच्या अंगठ्याला साक्षीदार

औषधांच्या चाचण्यांविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत, जळगावच्या बसस्थानकावर उन्हात उभी राहून वाटली आहेत. ‘गरिबाचं शरीर ही प्रयोगशाळा नाही’ हे वाक्य माझंच. आणि तसल्याच एका चाचणीच्या संमतीचा कागद धुळ्याच्या एका रुग्णालयात माझ्या वडिलांपुढे, आबांपुढे, आला. फुप्फुसाचा कॅन्सर, खूप पुढे गेलेला. रोग झाल्यावर द्यायची नवी लस. शरीरालाच कॅन्सर ओळखायला शिकवते म्हणे. उपयोग होतो की नाही, तेच तपासायचं होतं. माझं डोकंच फिरलं.

आबांना मात्र भाग घ्यायचा होता. त्यांना वाचता येत नाही, म्हणून अंगठा. आणि अंगठ्याला त्रयस्थ साक्षीदार हवा, ज्याने सगळं समजावणं समोर बसून ऐकलं पाहिजे. चाचणीसाठी नावं पाठवायचा तो शेवटचा दिवस. “साक्षीदार मी आणणार नाही,” मी वॉर्डात सगळ्यांदेखत बजावलं. आबा धापा टाकत म्हणाले, “तू सारा जगले इचारस. बापले काय पाहिजे ते बी इचार ना!”

मी जिन्यात जाऊन बसले. आमच्या घरची देवी कानबाई, तिच्या नैवेद्याचे रोट मी कॉलेजपासून सोडलेले. देवीला हात जोडणं मला हार मानल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी जोडले. मागितलं एवढंच, आई, हे थांबव.

परत आले तर आबांच्या खाटेशी सोनगीरच्या एक अक्का. त्यांचा नवरा पलीकडच्या खाटेवर होता, आबांनीच त्यांना हाक मारली होती. आता ही बाई मान डोलावणार नि सही ठोकणार, असं मी धरून चालले. अक्कांनी ओळीवर बोट ठेवून कागद वाचला आणि बाजूला सारला. “डॉक्टरसाहेब, माले समजनं नही. परत सांगा.” डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. चार वेळा. “मधमा सोडी दिधं ते चालस का?” कधीही सोडलं तरी चालतं. “लस नही भेटनी ते बाकीना इलाज बंद करशात का?” नाही, नेहमीची औषधं सगळ्यांना, लस काहींनाच, आणि कोणाला ते संगणक ठरवणार. “भाऊले तरास व्हयना ते फोन कोन उचली?” डॉक्टरांनी नंबर लिहून दिला. मग अक्का माझ्याकडे वळल्या. “तू लिखेल-पढेल शे ना वं? मंग तोंड फुगाडीसन काय बठनी?”

इतक्या आरोळ्या ठोकल्या मी, यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. आबांनी अंगठा दिला. अक्कांनी अक्षर लावत लावत सही केली.

काही दिवसांनी कळलं, आबांना लस नाही. नुसती नेहमीची औषधं. मी भांडायला उठलेच होते, तर आबा हसले. “माले नही भेटनी, कोनाले ते भेटनी ना? बाकीनं कानबाई देखी. चाल, चहा पिऊत.”

चाचण्यांतल्या लबाड्यांवर मी आजही लिहिते, लिहीत राहीन. आबांचा खोकला वाढतो आहे. पण कानबाई आई, मी थांबव म्हटलं आणि तू प्रश्न विचारणारं माणूस पाठवलंस, हे मी विसरणार नाही. तुझ्यावर सोपवणं म्हणजे गप्प बसणं, असं मला वाटायचं. आबांनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं, मग उरलेलं तुझ्या पायाशी ठेवलं. मला ते अजून जमत नाही. शिकते आहे.