तानाबाईचा डूख

तानाबाईनं डूख धरला की संपलं. बारशाला हलकी साडी दिली म्हणून सख्ख्या नणंदेशी ती जन्मभर बोलली नाही. नणंद आजारी पडली तेव्हा रोज डबा मात्र पोचवला. डबा दारात ठेवायचा, कडी वाजवायची आणि मागं न बघता चालू पडायचं. आमच्या कोडोलीत तिच्या वाटेला कुणी जात नाही. अमरसिंह गेला.

डोंगराकडेला अमरसिंहचं वराहपालन आहे. तानाबाई तिथं डुकरांना खाद्य घालायची, तिचा नवरा केरबा शेड धुवायचा. खाद्यात मालक स्वतःच्या हातानं एक पांढरी पावडर मिसळायचा. डुकरं आजारी असोत-नसोत, रोज. एकही पिल्लू हगवणीनं मरत नाही, हे तो गावभर सांगत फिरायचा.

शेड धुताना केरबाच्या पायाला फावडं लागलं. जखम चिघळली, ताप डोक्यात चढला. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डुकरांच्या आतड्यातले जंतू दिसतात. साध्या औषधांना दाद देत नाहीत. एक औषध आम्ही शेवटचं म्हणून राखून ठेवतो. पण डुकरांना तेच घालत असतील, तर त्याचाही उपयोग नाही. मग आत्ताच दुसरं बघायला हवं."

तानाबाईनं मालकाला फोन लावून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

"ती पावडर होय? कॅल्शियम आहे ते," अमरसिंह बिनदिक्कत म्हणाला.

राखीव औषध चालू झालं. त्यानं काही फरक पडला नाही. या जंतूंवर ते चालतच नाही, असा रिपोर्ट आला तोवर केरबा गेला होता.

रक्षाविसर्जनाला अमरसिंह पांढऱ्याफेक कपड्यांत पुढंच उभा. मला त्याचा संताप आला होता. केरबाच्या आवडीची कांदाभजी पानावर ठेवली, सगळे मागं सरले. झाडावर कावळे बसलेले. तानाबाई मात्र पानापाशीच उभी राहिली. माणसाच्या पायाशी कावळा कसा उतरणार?

"मागं सर की गं," बायका म्हणाल्या.

"त्यांचं कायतरी राहिलंय. त्याबिगार मी हलत न्हाय."

अमरसिंह पुढं झाला, हात जोडले. "केरबा, काळजी करू नकोस. तुझ्या पोरीचं लगीन मी करतो."

"लगीन मी करीन. मालक, पावडर कसली हुती, तेवढं सांगा त्यास्नी."

अमरसिंहनं घड्याळात बघितलं. ऊन चढलं, कुणी हललं नाही. शेवटी त्याची आई, आक्का, कडाडली, "सांग की रे! मेलेल्या माणसाला उपाशी ठेवतोस व्हय?"

"औषध हुतं," तो पुटपुटला.

"मोठ्यांदा."

"औषध हुतं! रोज घालत हुतो."

"आणि डॉक्टरीणबाईस्नी काय सांगितलासा?"

"खोटं सांगितलं."

सगळ्या गावानं ऐकलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तानाबाई बाजूला झाली आणि कावळ्यानं भजी उचलली.

आता ती रडेल असं वाटलं होतं. तिनं पदर खोचला आणि अमरसिंहच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मालक, मी अजून धडधाकट हाय. तुमच्या वेळंलाबी हितंच येऊन उभी ऱ्हाणार."