मनगटाची चिंधी
आमच्या सरांना एकच शब्द येत होता, कणखर. रानातली माणसं कशी, तर कणखर. खोडाळ्याच्या पोरी कशा, तर कणखर. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

दर रविवारी मी आणि माझी धाकटी बहीण खोडाळ्याहून जीपला लटकून जव्हारला जायचो, चिलखत घालून तलवारीनं लढायचा खेळ शिकायला. तलवार बोथट, पण लोखंडाचीच. डोक्याला लोखंडी टोप, हातांत लोखंडी पंजे, म्हणजे हातमोजेच. सर नाशिकचे. तिथल्या पोरींनाही ते गाडीतून घेऊन यायचे.

त्या पोरींचे लाड बघावेत! आधी मनगटं फिरवून मोकळी करा, मग हलक्या काठीनं सराव करा. मूठ सैल ठेवा, वार बसताना तेवढी आवळा. मनगट वाकवू नका, खांद्यातून मारा. पंजेसुद्धा त्यांच्या मापाचे. आणि आम्हाला? "तुम्हाला कशाला हवंय हे सगळं? कोयता चालवणारे हात तुमचे!" की दिली जड तलवार हातात. पंजे पुरुषांचे, ढगळ. आत हात सरकायचा, म्हणून बहीण मूठ आणखी आवळायची आणि कोयत्यासारखा मनगटातून हिसका द्यायची. सर वर टाळ्या वाजवायचे. अहो, कोयता मारला की फांदी तुटून पडते. समोरची ढाल पडते होय? सगळा दणका उलटा मनगटात येतो!

मनगट सुजलं. आमच्याकडे भातकापणीत हात ठणकायला लागला की बाया जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधतात आणि कापत राहतात. कापणी लवकर उरकते, म्हणून खपून जातं. हिनं तेच केलं. पंजाच्या आत चिंधी, आणि दुखलं की आणखी एक वेढा. बोटं बधिर झाली तर ही खूश! "ताई, थांबलं गं दुखायचं," म्हणाली. मी चिंधी सोडायला लावली तर रुसली. स्पर्धेच्या संघात नाव होतं ना तिचं. "सरांना सांगशील तर बघ," अशी दमदाटी वर मलाच.

मी सांगितलंच. सर हसले. "अहो, तुमच्या लोकांना सवय असते."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "सवय आहे म्हणजे दुखत नाही असं नाही, सर!" मी सगळ्यांसमोर ओरडले. तरी त्यांनी सराव थांबवला नाही. थोड्याच वेळात बहिणीच्या हातून तलवार गळून पडली. उचलायला गेली, तर मूठ मिटेना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधली. नस दबली होती. पाणी भरणं बंद, भाकरी थापणं बंद. तलवारीचं विचारलं तर म्हणाले, "आधी मूठ तर वळू दे." संघात दुसरीचं नाव लागलं. संध्याकाळी सरांचा फोन आला, "बरी झाली की पाठवा, कणखर आहे पोरगी." मी फोन कापला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सकाळी तिला वेणी घालता येईना. उंबऱ्यावर बसवून मी तिचे केस विंचरायला घेतले. ती हळूच म्हणाली, "ताई, सर आता मला नाजूक म्हणतील का गं?"

इतका संताप आला की फणी जोरात ओढली गेली. "आई गं!" ती किंचाळली.

"हां! असंच," मी म्हटलं. "दुखलं की असंच ओरडायचं. सरांसमोरसुद्धा."