टेकडीवरची पैज
अठराव्या वर्षी मी घर सोडलं, कारण आमच्या गावात कॉलेजच नव्हतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ज्यांनी शिकवलं त्यांचे उपकार आजही मानतो. पण इथे परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरात एवढं मोठं घर असताना आणि युनिव्हर्सिटी याच शहरात असताना, आमच्या मुलीनं मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं कशासाठी, हे मला कळेना. इथे सगळेच जातात, एवढंच तिचं उत्तर, तेही इंग्रजीत.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेची धास्ती घातली, तेव्हापासून मी रोज सकाळी धावतो. मुलगी सोबत असायची. शेवटी घराजवळच्या टेकडीवरच्या बाकापर्यंत आमची शर्यत लागे आणि दर वेळी मीच जिंके. पन्नाशीत पोरीला मागे टाकतो, हे माझं ऑफिसात आणि मंडळाच्या गणपतीतही सांगून झालं होतं.

म्हणून एकदा जेवताना मी म्हणालो, रविवारी माझ्या आधी बाकाला हात लावलास तर खुशाल जा. नाही तर पदवी होईपर्यंत घरीच. तिनं मान डोलावली. बायकोचा वाढता हात थांबला.

"कशाला नसत्या पैजा लावता?" ती म्हणाली.

तिला लेकीची काळजी वाटतेय, असं मी समजलो.

रविवारी मी पहिल्यापासून जोर लावला. अर्ध्या चढावर मुलगी शेजारी आली. तिला धापही लागली नव्हती. मला नीट समजावं म्हणून असेल, ती स्वच्छ मराठीत बोलली.

"बाबा, मी चार वर्षं मुद्दाम हरत होते. आईनं सांगितलं होतं. हरलास तर तू धावणं सोडून देशील म्हणून."

मग ती पुढे गेली. तिला खरं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला कमरेवर हात ठेवून वाटेतच उभं राहावं लागलं. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी बरं आहे ना, म्हणून विचारलं. मी हसून मान हलवली.

वर पोचलो तेव्हा ती फोनवर मैत्रिणीला शनिवारचं नक्की करत होती. पुढच्या रविवारी पुन्हा एकदा धावू, मी म्हणालो. तिनं फोन खिशात टाकला.

"शनिवारी सामान हलवायचंय. तू गादीबिदी उचलू नकोस. मध्येच खाली बसशील."

ती उताराला लागली. मी मागून येतोय की नाही, हे तिनं वळून पाहिलं नाही.