टाचणातली उत्तर दिशा

शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात मी तिसरी-चौथीला शिकवत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट, नोकरीचं दुसरं वर्ष. भूगोलाच्या पाठांची टाचणं, म्हणजे शिकवण्याआधी वहीत लिहायचे आराखडे, मी स्वतः काढतच नसे. आधीच्या गुरुजींची वही कपाटात सापडली होती, तिच्यातली उद्दिष्टं जशीच्या तशी उतरवायची. 'विद्यार्थ्यांना दिशांचे ज्ञान होईल. नकाशा समजेल.' माझं अक्षर वळणदार, त्यामुळे कुणी काही बोलत नसे.

एकदा तपासणीला साहेब आले. वही चाळून त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "उत्तर दिशा कुठं आहे?"

तिनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं आणि बोट थेट छपराच्या कवेलूंकडे केलं. "वर."

मुलं हसली. मी घाईघाईनं म्हणाले, "ही जरा मठ्ठच आहे, साहेब."

मुलीनं हात खाली घेतला. साहेबांनी वही माझ्यापुढं धरली. "बाई, 'समजेल' लिहिलंय तुम्ही. समजलं हे कशावरून कळणार? मूल काय करून दाखवेल, ते लिहा ना."

मी वही मिटून घेतली.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा स्वतः उद्दिष्ट लिहिलं. बरीच खाडाखोड करून एकच वाक्य उरलं: 'विद्यार्थी शाळेच्या ओट्यावर उभा राहून शेलूबाजारची दिशा हाताने दाखवेल व कशी ओळखली ते सांगेल.'

मुलांना ओट्यावर नेलं. कुणाला सांगता येईना. ती मुलगी सगळ्यांच्या मागं उभी होती. मी विचारल्यावर तिनं हळूच पूर्वेला हात केला.

"कशावरून?"

"बाबा सकाऊन बैलबंडी घेऊन शेलूले जातात, तं ऊन डोयात येते. संध्याकाळी वापस येतानी बी डोयातच येते."

"आणि उत्तर?"

तिनं उगवतीकडे तोंड केलं आणि डावा हात पसरला.

"मग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तुमीच तं शिकवलं बाई, उत्तर वर रायते म्हणून."

खरंच शिकवलं होतं. तिची माफी मागायची, असं मनात आलं. पण सगळा वर्ग बघत होता. "शाब्बास, बस," एवढंच म्हणाले. चौथीनंतर तिची शाळा सुटली, माझी बदली धनजकडे झाली.

पुढं नव्या शिक्षकांना टाचण कसं काढायचं ते शिकवताना मी हा प्रसंग अनेकदा सांगितला. 'माझ्या ओळखीची एक बाई होती,' अशी सुरुवात करून.