चार जणांना सात घरं

शेजारी निवडण्यात आमच्या मोठ्या साडूंइतका कसोशी करणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आणि हे शेजारी ते स्वतःसाठी निवडत नव्हते. मुरबाडच्या घरी बाहेरच्या खोलीत त्यांनी काचेच्या टाकीत चार बुटके क्रेफिश पाळले होते, त्यांच्यासाठी हा सगळा शोध होता. हा बुटका क्रेफिश म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा नारिंगी जीव. मागून पाहिला तर कोळंबी, पुढून पाहिला तर खेकडा. गल्लीतले लोक त्यांना चिंबोऱ्या म्हणत आणि कालवण कधी, असं विचारत. असं विचारणाऱ्याला साडूंच्या घरी चहा मिळत नसे.

साडू मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी शेताच्या बांधांवर, एकमेकांकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या भावांच्या मधोमध काढली. त्यामुळे भांडणाचं मूळ स्वभावात नसून जागेत असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्तीनंतर त्यांनी ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, स्वयंपाकघरातल्या फळ्या मोजायला घेतल्या, तेव्हा कल्याणला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने आईची दया येऊन हे चार जीव आणून दिले. तिच्या ऑफिसातला एक मुलगा असले जीव पाळायचा. काही अडलं तर त्याला विचारा, म्हणून त्याचा नंबरही दिला. साडूंना दिवसातून एकदा तरी अडायचंच.

दुकानदाराने उंच, देखणी टाकी दाखवली, तर यांनी तिला हातही लावला नाही. हे तळाला राहणारे जीव, यांना उंचीचा काय उपयोग, मला तळ दाखवा, असं म्हणून त्यांनी एक बसकी, लांबरुंद टाकी उचलली. आत वाळू, बांबूच्या नळ्या, कौलांचे तुकडे आणि अर्धी करवंटी मांडली. राहणारे चार, पण घरं सात. वरची तीन कोणासाठी, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाले, भांडण झालं की निघून जायला प्रत्येकाला एखादं घर मोकळं पाहिजे. माझ्या संसारात मला असं एकही मिळालं नाही, असं ताई म्हणाल्या. पुढे एक क्रेफिश पंपाची नळी चढून बाहेर पडला आणि ताईंच्या चपलेत जिवंत सापडला, तेव्हापासून टाकीवर झाकणही आलं.

मग शेजाऱ्यांची निवड सुरू झाली. ताईंना गोल्डफिश हवा होता. त्याचं तोंड मोठं निघालं. तळाशी राहणारा मिशाळ मासा जागेवरून वाद होईल म्हणून नापास झाला. मी शहापूरहून प्रेमाने एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा नेला. साडूंनी त्याला मोरीतल्या बादलीत चार दिवस निरखलं आणि नजर चांगली नाही म्हणून मला परत न्यायला लावलं. एसटीत शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरच्या पिशवीतला मासा पाहिला आणि तो परत चाललाय हे ऐकलं. "जिता हाय ना? मंग परत का नेता?" मुरबाडची जागा त्याला मानवली नाही, असं मी सांगितलं.

शेवटी पसंत पडले ते गप्पी मासे, आरोग्य केंद्राच्या हौदात डासांच्या अळ्या खायला सोडतात ते. तोंड लहान, अंगाने चपळ, मुक्काम पाण्याच्या वरच्या थरात. सहा जणांना दोन आठवडे वेगळं ठेवून मग टाकीत प्रवेश मिळाला. निवडीच्या या सगळ्या काळात कल्याणच्या मुलाला रोज संध्याकाळी फोन जात होता. गप्पी रात्री खाली उतरतात का, करवंटीचा रंग पाण्याला बाधतो का, एक ना दोन. तो मुलगाही न कंटाळता उत्तरं देत होता.

एका रविवारी सकाळी चार क्रेफिशांतली मोठी मादी वाळूवर निश्चल पडलेली दिसली. साडूंनी सहाही गप्पींना संशयावरून बादलीत काढलं, कल्याणला फोन केला आणि मलाही बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ते टाकीसमोर पाटावर बसले होते, तोंडात पाणी घेतलं नव्हतं. दुपारी तो मुलगा आला. सोबत साडूंची मुलगीही होती. त्याने बाह्या सरसावल्या, टाकीत हात घातला आणि कोपऱ्यातलं एक कौल अलगद कलतं केलं. खाली फिकट, मऊ, सगळ्या नांग्यांनिशी मादी बसलेली होती.

"काका, ही गेली नाही. कात टाकलीय तिने. अंग कडक होईपर्यंत लपून राहील. घर मोकळं होतं म्हणून वाचली, नाहीतर बाकीच्यांनी खाल्ली असती. ती कात तशीच राहू द्या, तीच खाईल."

साडूंनी टॉवेल शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. टॉवेल मात्र मुलीने आधीच त्या मुलाच्या हातात दिला होता, आणि न विचारता त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहाही आणला होता. ताईंनी ते पाहिलं. मुलीला आत नेलं, दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि नवऱ्याला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोघांना लग्न करायचं होतं आणि वर्षभर बाबांना सांगायचा धीर होत नव्हता.

सहा माशांची अडीच महिने चौकशी करणारा हा माणूस आता काय काय विचारील, या धास्तीने मी खुर्ची मागे घेतली. मुलगा हातात टॉवेल धरून उभाच होता. साडूंनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"अडीच महिने रोज याला पिडतोय मी," ते म्हणाले. "एकदाही यानं घाईनं फोन ठेवला नाय. आता अजून काय विचारू?"

लग्न झालं. जावयाची बदली झाली आणि दोघं पुण्याला गेली. मागच्या महिन्यात मी मुरबाडला गेलो होतो. मादीच्या शेपटीखाली अंडी दिसत होती आणि संध्याकाळच्या फोनवर साडू जावयाशी वीस मिनिटं पाण्याबद्दलच बोलत होते. मुलीशीही ते बोलतात, पण ती मजेत आहे असंच म्हणणार, खरं काय ते हा सांगतो, असं त्यांनी मला आधी सांगून ठेवलं होतं. बोलता बोलता ते थांबले, अंगठ्याने काचेवरचा एक डाग पुसू लागले. "आणि ती? बरी आहे ना?" असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

मग ते नुसते ऐकत राहिले. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला आणि ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.