रेषेवरचा पाय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. आज सांगतोय, पण रडारड ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा — ती मिळायची नाही.

मी बास्केटबॉलवर पोट भरलं. हसू नका! श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या टीममध्ये अकरा वर्षं खेळलो. कागदावर टाइमकीपर, काम मात्र बास्केट मारायचं. पेपरात नाव एकदाच आलं, तेही चुकीचं छापून. तरी छातीठोक सांगतो, त्या अकरा वर्षांतला एकेक गुण माझ्या घामाचा होता. पण ती नोकरी ज्या बास्केटवर मिळाली — थांबा, आधी आनंदा सांगतो.

आनंदा पाथर्डीकडचा, माझ्याच वसतिगृहातला. आम्हा दोघांत चेंडू एकच. डाव्या हातानं बास्केट मारायला मला त्यानंच शिकवलं. माझ्यापेक्षा चांगला खेळायचा का? खेळायचा. झालं समाधान?

बहात्तर साल, दिवाळी होऊन गेलेली. पाऊस नाही, त्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत. कारखान्याला एकच खेळाडू घ्यायचा होता आणि निवडीच्या सामन्यात आम्ही समोरासमोर. मैदान मुरमाचं, रेषा चुन्याच्या. सकाळी त्या आनंदानंच आखलेल्या, अनवाणी. खेळलाही अनवाणीच — बूट आणणार कुठून?

शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. मी कडेकडेनं घुसलो आणि बास्केट मारली. आनंदा ओरडला, "सर, ह्याचा पाय रेषेवर हुता!"

रेषेला पाय लागला की बास्केट बाद. पंच म्हणाले, पायाचे तळवे दाखवा, चुना बघू. ते जवळ येईपर्यंत मी बूट मुरमात घासून मोकळा झालो होतो. वर आनंदाकडे बोट दाखवून म्हणालो, "चुना तर ह्याच्याच पायाला हाय, सर!" त्याच्या टाचेच्या भेगा पांढऱ्याफटक. सगळं मैदान हसलं. लबाड पोरगं आपल्याला नको, कारखान्याचे साहेब म्हणाले. नोकरी मला मिळाली.

इथवर तुम्ही मला माफही कराल — तरणं वय, दुष्काळ, कुणाला पोट नसतं? नका करू. अजून संपलेलं नाही.

उन्हाळ्यात आमची टीम ट्रकनं सामन्याला निघाली होती. दुष्काळी कामानं रस्ता अडलेला, म्हणून पाय मोकळे करायला उतरलो. खडी फोडणाऱ्यांत आनंदा दिसला. हातोडा ठेवून तो मला जरा बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "नोकरी तुलाच लखलाभ, मी न्हाई मागत. निस्तं सांग — पाय रेषेवर हुता ना? आय बी मला लबाड म्हनती रं."

एक 'व्हय'. काय गेलं असतं माझं? नोकरी पक्की झालेली, ऐकायला चिटपाखरू नाही. आणि मागत तरी काय होता तो?

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "न्हाई."

तो हळूच म्हणाला, "मंग मलाच चुकीचं दिसलं आसंल." आणि जाऊन खडी फोडायला बसला.

त्याला दिसलेलं सोडून त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवशीच्या सामन्यात मी झकास खेळलो.

पाय रेषेवर होता.